युक्लिड गावचा खटला

जमीन ही मनुष्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत जिव्हाळ्याची मालमत्ता होय. सोने चोरीस जाते, पैसा आटतो, परंतु जमीन जागची हलत नाही, अशी आपल्या वाडवडिलांची दृढ श्रद्धा होती. स्वकष्टाच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर आपण काय बांधावे व काय बांधू नये, हे सांगणारा दुसरा कोण, असा प्रश्नही त्याच श्रद्धेतून उपजतो. तथापि आज आपल्या ज्ञातिबांधवांपैकी असा क्वचितच कोणी सापडेल, की ज्यास घर बांधताना अगर सदनिका घेताना नगरपालिकेच्या नियमांची पायरी चढावी लागली नाही. नकाशा मंजूर करून घ्यावयाचा, चारी बाजूंस सामासिक अंतर सोडावयाचे, चटईक्षेत्राची मर्यादा पाळावयाची, हा पट्टा रहिवासाचा आणि तो कारखान्यांचा ही विभागणी मान्य करावयाची, हे सर्व आपण निमूटपणे करतो. ही बंधने घालण्याचा अधिकार गावास आहे काय, या प्रश्नाचा अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी एका खटल्यात निकाल लागला. त्या निकालाने जगातील नगररचनेच्या विचारास मोठेच वळण दिले. त्याची हकीकत आपल्या सभासद कुटुंबांनी वाचावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत.

खटल्यातील गावाचे नाव युक्लिड. ज्यांनी शाळेत भूमिती गिरविली आहे त्यांस हे नाव वाचून नवल वाटेल. परंतु नावाचा संबंध खरोखरच त्या ग्रीक भूमितिकाराशी आहे. इ. स. १७९६ मध्ये मोझेस क्लीव्हलँड नावाच्या गृहस्थाच्या नेतृत्वाखाली कनेक्टिकटमधील एका जमीन कंपनीची मोजणीदारांची तुकडी ईरी सरोवराच्या काठी येऊन पोहोचली. तिने वसविलेल्या नगरास क्लीव्हलँड हे नाव पडले, आणि मोजणीदारांनी जवळच्या एका मुलखास आपल्या विद्येच्या आद्यगुरूचे नाव दिले. साखळी टाकून जमिनीवर रेघा ओढणाऱ्यांनी ठेवलेले हे नाव पुढे अशाच रेघांच्या वादामुळे जगप्रसिद्ध व्हावे, हा योगायोग मोठा विलक्षण खरा.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहर तेल आणि पोलाद यांच्या जोरावर झपाट्याने वाढले. रॉकफेलर यांच्या तेलाच्या साम्राज्याचा उगम येथलाच. शहराच्या मध्यभागातून पूर्वेकडे जाणाऱ्या युक्लिड ॲव्हेन्यू या रस्त्यावर धनिकांचे वाडे उभे राहिले आणि आगगाडीच्या रुळांच्या कडेने कारखान्यांच्या चिमण्या सरोवराकाठाने पुढे सरकू लागल्या. शहराच्या सीमेला लागूनच युक्लिड गाव होते. त्याचे क्षेत्रफळ १२ ते १४ चौरस मैल, लोकवस्ती पाच ते दहा हजारांच्या दरम्यान, आणि बहुतेक शिवार अद्याप शेतीचे किंवा मोकळे. गावातून तीन हमरस्ते व दोन लोहमार्ग जात. शहर आपल्या अंगावर चालून येत आहे हे गावकऱ्यांस डोळ्यांनी दिसत होते.

ही धास्ती एकट्या युक्लिडची नव्हती. न्यूयॉर्क शहरात १९१५ साली इक्विटेबल नावाची सुमारे चाळीस मजल्यांची इमारत पूर्ण झाली. रस्त्याच्या कडेपासून थेट आकाशात गेलेल्या त्या भिंतींनी शेजारपाजारचा उजेड हिरावून घेतला. त्याच सुमारास तेथील फिफ्थ ॲव्हेन्यूवरील उंची दुकानांच्या मालकांस जवळच वाढणारे कपड्यांचे कारखाने व दुपारच्या सुटीत रस्त्यावर येणारी कामगारांची गर्दी नकोशी झाली होती. उजेडाची चिंता आणि गर्दीचा तिटकारा, अशा दोन भिन्न प्रेरणांतून १९१६ साली न्यूयॉर्कने सर्व शहराची क्षेत्रविभागणी करणारा नियम केला. यालाच इंग्रजीत झोनिंग म्हणतात. या दोन्ही प्रेरणा वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

न्यूयॉर्कचे पाहून गावोगावी तसेच नियम होऊ लागले. युक्लिड ग्रामपरिषदेनेही १३ नोव्हेंबर १९२२ रोजी असा नियम संमत केला. जमिनीच्या वापराचे सहा वर्ग पाडण्यात आले. पहिल्या वर्गात एका कुटुंबाचे स्वतंत्र घर. दुसऱ्यात दोन कुटुंबांचे. तिसऱ्यात अनेक बिऱ्हाडांच्या इमारती, हॉटेले, शाळा, प्रार्थनामंदिरे. चौथ्यात दुकाने, कचेऱ्या, नाट्यगृहे. पाचव्यात वखारी व तत्सम धंदे. आणि सहाव्यात कारखाने, कचरा जाळण्याच्या भट्ट्या, दफनभूमी. वरच्या वर्गातील वापर खालच्या वर्गाच्या पट्ट्यात चाले, परंतु खालच्या वर्गातील वापर वरच्या पट्ट्यात चालत नसे. म्हणजे कारखान्यांच्या पट्ट्यात कोणी घर बांधल्यास त्यास आडकाठी नव्हती, घरांच्या पट्ट्यात मात्र कारखान्यास मज्जाव होता. शिवाय इमारतींच्या उंचीचे तीन व भूखंडांच्या क्षेत्राचे चार वर्ग होते. सर्वांत कडक पट्ट्यात अडीच मजले अगर ३५ फूट, याहून उंच बांधण्यास मनाई होती.

आता वादी कोण ते पाहू. अँबलर रिअल्टी कंपनी ही जमिनी घेऊन, त्यांचा भाव चढला की विकासासाठी त्या विकणारी क्लीव्हलँडची कंपनी. युक्लिड ॲव्हेन्यू आणि निकेल प्लेट लोहमार्ग यांच्यामध्ये तिची ६८ एकर जमीन होती. एका अंगास हमरस्ता व दुसऱ्या अंगास आगगाडी, म्हणजे कारखान्यांना याहून सोयीची जागा ती कोणती, असा कंपनीचा हिशेब होता. नव्या नियमाने रस्त्यालगतचा ६२० फूट रुंदीचा पट्टा दोन कुटुंबांच्या घरांसाठी राखला गेला, त्यामागचा १३० फुटांचा पट्टा बिऱ्हाडांच्या इमारतींसाठी, आणि उरलेली लोहमार्गाकडील जमीनच तेवढी कारखान्यांस मोकळी राहिली. कंपनीचे म्हणणे असे, की उद्योगासाठी विकल्यास तिच्या जमिनीस एकरी सुमारे दहा हजार डॉलर येतात, तर घरांपुरती मर्यादित केल्यास जेमतेम अडीच हजार. हमरस्त्यावरील दर्शनी फुटास १५० डॉलरांचा भाव असताना नियमामुळे तो ५० डॉलरांवर येतो. गावाने जमिनीचा तसूभर तुकडा घेतला नाही, एक छदामही भरपाई दिली नाही, आणि तरीही तीन चतुर्थांश किंमत हिरावून घेतली, अशी तिची तक्रार होती.

अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ सालच्या चौदाव्या दुरुस्तीने, विहित न्याय्य मार्गावाचून कोणत्याही राज्याने कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये, असा निर्बंध घातलेला आहे. कंपनीने त्याच्या आधारे दावा लावला. येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. कंपनीने कारखान्याचा नकाशा सादर करून परवानगी मागितली व ती नाकारली गेली, असे घडले नव्हते. तिने नियमाच्या अस्तित्वावरच घाव घातला. हा नियम आहे तोवर गिऱ्हाइक फिरकणार नाही, तेव्हा नियमच रद्द करा, अशी तिची मागणी होती.

कंपनीचे वकीलपत्र न्यूटन बेकर यांनी घेतले होते. हे पूर्वी क्लीव्हलँडचे महापौर व पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेचे युद्धमंत्री. देशातील अग्रगण्य कायदेपंडितांत त्यांची गणना होई. गावाच्या बाजूने उभे होते गावचे वकील जेम्स मेट्झेनबॉम. प्रथम हा दावा संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश वेस्टेनहेव्हर यांच्यापुढे चालला, आणि १९२४ साली त्यांनी कंपनीच्या बाजूने निकाल देऊन नियम घटनाबाह्य ठरविला.

त्या निकालपत्रातील एक मुद्दा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. न्यायाधीशांनी नियमाच्या तळाशी जाऊन पाहिले व म्हटले, की धूर आणि गोंगाट यांची सबब कितीही पुढे केली तरी या नियमाचा परिणाम, माणसांची त्यांच्या मिळकतीप्रमाणे व जीवनमानाप्रमाणे वर्गवारी करून त्यांस वेगवेगळ्या जागी बसविणे, हाच होतो. त्यापूर्वी १९१७ साली लुईव्हिल शहराचा एक नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला होता. गोऱ्यांचे बहुमत असलेल्या आळीत कृष्णवर्णीयांनी व कृष्णवर्णीयांचे बहुमत असलेल्या आळीत गोऱ्यांनी घर घेऊन राहू नये, असा तो नियम होता. वेस्टेनहेव्हर यांनी त्या निकालाचा दाखला दिला. वाचकांनी मात्र येथे भाबडेपणा करू नये. ज्यांस वेगळे ठेवण्यात येत होते त्यांच्याविषयी या निकालपत्रात कळवळा नव्हता. तेथील सर्व जोर मालकाच्या हक्कावर होता. परंतु न्यायाधीशांच्या मनात काहीही असो, त्यांच्या लेखणीतून बाहेर पडलेली गोष्ट खरी होती.

गावाने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. २७ जानेवारी १९२६ रोजी सुनावणी झाली. मेट्झेनबॉम यांस वाटले की प्रतिपक्षाच्या युक्तिवादास पुरेसे उत्तर देता आले नाही. तेव्हा परतीच्या प्रवासात आगगाडीतूनच त्यांनी सरन्यायाधीश टॅफ्ट यांस तार करून अधिक लेखी निवेदनाची अनुज्ञा मागितली व ती त्यांस मिळाली. सिनसिनाटीचे वकील आल्फ्रेड बेटमन हे नगररचनेचे अभ्यासक. त्यांनी नगररचना संस्थांच्या वतीने त्रयस्थ या नात्याने एक विस्तृत निवेदन सादर केले. एकेका उपद्रवासाठी शेजाऱ्याने शेजाऱ्यावर दावे लावीत बसण्यापेक्षा, उपद्रव होण्यापूर्वीच सर्व गावाचा साकल्याने आराखडा करणे हे आरोग्याच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीने अधिक न्याय्य आहे, हे त्याचे सार. न्यायालयाने खटला फेरसुनावणीस घेतला. १२ ऑक्टोबरला पुन्हा युक्तिवाद झाले, आणि २२ नोव्हेंबर १९२६ रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकले.

निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी, आणि सर्वांत मोठे आश्चर्य तेच होते. सदरलँड हे मालमत्तेच्या हक्कांचे कडवे कैवारी. पुढे १९३० नंतरच्या दशकात अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सुधारणांस ज्या चार न्यायमूर्तींनी निकराने विरोध केला, त्यांपैकी ते एक होत. आणि युक्लिडच्या खटल्यात भिन्न मत दिलेले तिघे म्हणजे त्या चौकडीतील उरलेले तिघेच. सदरलँड तेवढे या प्रसंगी सोबत्यांपासून अलग झाले. त्यांच्या विचाराची दिशा अशी : घटनेचे तत्त्व बदलत नाही, पण ते लावावयाची परिस्थिती बदलते. विरळ वस्तीच्या काळात जे नियमन जुलमी वाटले असते, ते दाट वस्तीच्या काळात आवश्यक ठरते. मोटारी वाढल्यावर रहदारीचे नियम आले, तसेच हे. उपद्रव म्हणजे पुष्कळदा योग्य वस्तू अयोग्य जागी असणे होय, हे समजावण्यास त्यांनी डुकराचा दृष्टांत घेतला. गोठ्याच्या आवारात ते ठीक, दिवाणखान्यात नव्हे. नियम लोकांचे आरोग्य, सुरक्षितता, नीती वा कल्याण यांच्याशी अगदीच असंबद्ध व केवळ लहरी आहे असे सिद्ध झाल्याखेरीज न्यायालयाने तो रद्द करू नये, असा दंडक या निकालाने घालून दिला.

येथवर सर्व ठीक आहे. कारखान्याचा धूर लहान मुलांच्या शाळेवर येऊ नये, रस्त्यावर वारा व उजेड राहावा, हे कोणासही पटेल. परंतु त्याच निकालपत्रात अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींविषयी जे लिहिले आहे ते आजच्या वाचकाने थांबून वाचावे. स्वतंत्र घरांच्या वस्तीत शिरलेली अशी इमारत ही जणू बांडगूळ आहे. शेजारच्या मोकळ्या जागेचा व प्रसन्नतेचा फायदा ती घेते आणि ऊन व वारा अडवून ती प्रसन्नताच नष्ट करते, असा तो अभिप्राय. आपल्या सभासदांपैकी किती कुटुंबे आज स्वतंत्र बंगल्यात राहतात? बहुतेक सारे चाळींतून व सदनिकांतूनच वाढले. कारखान्याचा धूर अडविण्यास ओढलेली रेघ, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार थाटणाऱ्या कुटुंबासही अडविते, हे येथे उघड झाले. वेस्टेनहेव्हर यांनी जे बोट दाखविले होते, त्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने मौन पाळले.

कंपनी हरली म्हणून मालकाचे सर्व हक्क बुडाले असे मात्र नव्हे. दोनच वर्षांनी, १९२८ साली, मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहराच्या अशाच नियमाविरुद्धचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. नेक्टो नावाच्या मालकाच्या जमिनीचा १०० फूट रुंदीचा पट्टा शहराने रहिवासासाठी राखला होता. सभोवती कारखाने व लोहमार्ग, त्यामुळे घरांसाठी ती जागा जवळजवळ निरुपयोगी. या खेपेस निकाल मालकाच्या बाजूने लागला, आणि तो लिहिणारेही सदरलँडच. नियम करण्याचा अधिकार गावास आहे, परंतु एखाद्या विशिष्ट जमिनीवर तो विनाकारण अन्याय करीत असेल तर तेथे तो लागू होणार नाही, अशी ही दोन निकालांची जोडी आहे. एक वाचून दुसरा न वाचणे म्हणजे अर्धीच गोष्ट ऐकणे होय.

पुढे काय झाले? युक्लिडच्या निकालानंतर अशा नियमांची अमेरिकेत लाटच आली. वापरानुसार पट्टे पाडण्याच्या या पद्धतीस त्या गावावरून ‘युक्लिडीय’ असे नावच पडले. खुद्द अँबलर कंपनीची जमीन मात्र बरीच वर्षे तशीच पडून राहिली. अखेर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे कारखाना उभा राहिला व नंतर तो जनरल मोटर्सकडे आला. म्हणजे जो कारखाना येऊ नये म्हणून गाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले, तोच शेवटी तेथे आला. गावाचे पुढे शहर झाले, आणि २०२० च्या जनगणनेत त्या शहरात कृष्णवर्णीय नागरिकांचे बहुमत आढळले. रेघा ओढणारे जातात आणि काळ आपल्या मार्गाने चालत राहतो.

दुष्परिणामही दिसून आले. पुष्कळ उपनगरांनी मोठ्या भूखंडांची व एकाच कुटुंबाच्या घरांची सक्ती करून गरिबांस दाराबाहेर ठेवले. वंशाचे नाव घेऊन रेघ ओढण्यास १९१७ पासून बंदी होती. भूखंडाच्या चौरस फुटांचे नाव घेऊन तेच काम साधू लागले. १९७५ साली न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल गावाच्या खटल्यात असे ठरविले, की वाढत्या गावाने आपल्या परिसरातील गरजू लोकांच्या घरांचाही योग्य वाटा उचललाच पाहिजे. २०१८ साली मिनिॲपोलिस शहराने, केवळ एका कुटुंबाच्या घरासाठी पट्टा राखण्याची पद्धतच मोडीत काढण्याचा आराखडा संमत केला. युक्लिडचा निकाल आजही कायम आहे, परंतु त्याच्या दुसऱ्या बाजूचा हिशेब अमेरिका अद्याप चुकता करीत आहे.

ही परक्या देशाची कथा आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की रेघा ओढण्याची विद्या आपणांस अमेरिकेकडून शिकावी लागली नाही. आपल्या गावगाड्यात तांबट आळी होती, कासार आळी होती, कुंभारवाडा होता. भट्टीचा धूर व ठोक्यांचा आवाज एका अंगास असावा, यात शहाणपण होते. परंतु त्याच गावास गावकूस होते आणि गावकुसाबाहेर एक वस्ती होती. ती तेथे धुरासाठी ठेवलेली नव्हती. माणसांसाठी ठेवलेली होती. गावचा नकाशा काढणाऱ्याने दोन्ही रेघा एकाच शाईने काढल्या, आणि आपल्या पूर्वजांनी दोहोंस सारखाच धर्म मानला.

नगररचनेचा कायदा आपल्याकडेही युक्लिडच्या आधीच आला होता. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सुधार न्यास स्थापन झाला, १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, आणि आज महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. त्याच १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली; देशातील आद्य सहकारी गृहसंस्था म्हणून तिची ख्याती आहे. खेड्यातून शहरात आलेल्या होतकरू तरुणास परक्या ठिकाणी कोणी खोली देईना, तेव्हा ज्ञातीने त्यास छत्र दिले, ही अनेक ज्ञातींच्या इतिहासातील उजळ पाने होत. अशा संस्थांनी आपले सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवावे काय, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००५ साली अहमदाबादेतील पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात, असा पोटनियम कायद्याने चालू शकतो, असा निकाल मिळाला.

कायद्याने चालते, एवढ्यावर आम्ही मात्र थांबू इच्छीत नाही. आपल्या मंडळातही वसतिगृहाच्या व वसाहतीच्या गोष्टी वेळोवेळी निघतात. त्या अवश्य निघाव्यात. नगरपालिकेचे बांधकाम नियमही आपण काटेकोरपणे पाळावेत. सामासिक अंतर चोरून खोली वाढविणारा शेजाऱ्याचे ऊन चोरतो, हे मुलांस शिकवावे. परंतु जेव्हा जेव्हा आपण एखादी मर्यादा घालू, तेव्हा न्यायाधीश वेस्टेनहेव्हर यांनी विचारलेला प्रश्न स्वतःस विचारावा : या रेघेने आपण धूर अडवितो आहोत की माणूस? निराधारास जवळ घेण्यासाठी बांधलेली भिंत पुढच्या पिढीत दुसऱ्या निराधारास अडविण्यासाठी वापरली जाऊ नये, याची काळजी बांधणाऱ्यांनीच घ्यावयाची असते. खटला युक्लिड गावचा होता व त्याचा निकाल शंभर वर्षांपूर्वी लागला. हा दुसरा प्रश्न मात्र न्यायालयाने निकालात काढलेला नाही. तो ज्याच्या त्याच्या दारी उभा आहे. आपल्या दारी तो येईल तेव्हा ज्ञातिबांधवांनी त्यास सावधपणे व उदार मनाने उत्तर द्यावे, एवढी विनंती करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.